तिसरीतल्या पोरांवर नक्कलचा गुन्हा

माझा भाचा तिसरीत आहे. गेल्या महिन्यात त्याच्या वहीत लाल शाईने 'नक्कल' असा शेरा आला आणि पालकांना शाळेत बोलावणं आलं. आपाला कामावरून सुट्टी मिळेना, म्हणून मी गेलो. गुन्हा असा: भागाकाराचं गणित त्याला सुटत नव्हतं, तर शेजारच्या पोराने बाकावर खडूचे १२ तुकडे मांडून त्याचे तीन वाटे करून दाखवले. दोघांनाही तास संपेपर्यंत उभं केलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मी लिहिलेला कोड दुसऱ्या कुणीतरी वाचून त्यातल्या चुका काढल्याशिवाय आमच्याकडे पुढे जात नाही. अडलं की विचारायचं, हा तिथला पहिला नियम. तो अंगवळणी पडायला माझी नोकरीची पहिली दोन वर्षं गेली. शाळेत आणि पुढे इंजिनिअरिंगलाही मी फळ्यावरचं उतरवून घेण्यात हुशार होतो. मीटिंगमध्ये 'मला कळलं नाही' म्हणायला जीभ उचलायची नाही. म्हणून म्हणतो, त्या पोराने खडू मांडून जे केलं ते चांगल्या शिक्षकाचं काम होतं.

टीचरवर खापर फोडून मोकळं होणं सोपं आहे. तिच्या वर्गात ५८ मुलं आहेत. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक मागतो. त्याच कायद्याचं २९ वं कलम सांगतं की मुलांनी कृतीतून, स्वतः शोधून शिकावं आणि न घाबरता आपलं मत मांडावं. हे सगळं मी संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांपुढे मांडलं. ते शांतपणे म्हणाले, "आपली अल्पसंख्याक संस्था आहे. तो कायदा आपल्याला लागू नाही."

खरं आहे. २०१४ साली प्रमती खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांनी त्या निकालाबद्दल शंका घेतली, तो वाद वेगळा. पण घटनेच्या ३० व्या कलमाने आपल्या पसंतीची शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला, तो कुणाच्या पसंतीची? हाताची घडी, तोंडावर बोट ही माझ्या आपाची पसंती आहे का, हे तिला कुणी विचारलं? सरकारने आपल्या शाळेत लुडबुड करू नये, हे मलाही मान्य आहे. मग कायद्याने जेवढं मागितलं त्याहून जास्त आपण स्वतःहून द्यायला हवं होतं. आपण त्या सवलतीची पळवाट केली आणि तिची किंमत तिसरीतली पोरं मोजतायत.

पैसा नाही, हे दुसरं उत्तर. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांकडे कुठे होता? तिथल्या शिक्षकांनी वर्गाच्या फरशीवरच आकडे आणि तक्ते रंगवले, मुलांना गटात बसवलं, एकमेकांना शिकवू दिलं. राज्यभरातले शिक्षक ते बघायला गेले. चिंचोके आणि बाटल्यांची झाकणं आपल्या मोहल्ल्यातही फुकटच मिळतात.

आणि आपणही साळसूद नाही. वर्गातून आवाज आला नाही, पोराने टाय लावला, की 'शाळा चांगली' असं आपणच सांगत फिरतो. चित्राचा प्रोजेक्ट रात्री अम्मी करते, सकाळी पोरगा नेतो, त्याला शाबासकी मिळते. ती नक्कल कुणाला दिसत नाही!

मी लेखी अर्ज दिलाय. आठवड्यातून दोन तास गटाने गणित, त्या तासाला बोलल्याबद्दल शिक्षा नाही, आणि पुढच्या वर्षी तिसरीच्या दोन तुकड्या. अर्जावर अकरा पालकांच्या सह्या आहेत, त्यातल्या सात आयांच्या. दोघा अब्बांनी सही करून दुसऱ्या दिवशी खोडायला लावली. पोराला त्रास होईल म्हणाले. तुमच्या मोहल्ल्यात अशी शाळा असेल तर पालकसभेला जा. भाचे, पुतणे, धाकटी भावंडं कुणीही चालेल. आणि वर्गात किती मुलं आहेत, हे आधी मोजा.