सशाची स्वच्छता चाऱ्यापासून

पावसाळ्यात कन्हानकाठच्या कामठीत ओल व माश्या वाढतात. अशा वेळी पाळीव सशाच्या मागील भागाचे केस विष्ठेने चिकटून गुंतलेले असल्यास माशी तेथे अंडी घालते. एका दिवसात अळ्या पडून कातडी पोखरतात आणि वेळीच उपचार न झाल्यास ससा दगावतो.

ससा मळला की पुष्कळजण त्यास आंघोळ घालतात. हा उपाय आम्हांस योग्य वाटत नाही. त्याने ससा घाबरतो, अंगही ओले राहते. मूळ दोष बहुधा चाऱ्यात असतो. सशाने आपली मऊ विष्ठा पुन्हा खाणे स्वाभाविक आहे. त्यातून त्यास पोषण मिळते. परंतु पोळी, बिस्किटे वा दाणा अधिक झाल्यास ती पातळ होऊन केसांना चिकटते. लठ्ठ किंवा म्हाताऱ्या सशाचे तोंडही तेथवर पोहोचत नाही. म्हणून वाळलेले गवत व हरळी भरपूर द्यावी.

मागील भाग रोज पाहावा. गुंता ओढू नये, कातडी फाटते. खाली फणी धरून वरचे केस कातरावेत. मळ कोमट पाण्यात भिजविलेल्या फडक्याने पुसून तो भाग पूर्ण कोरडा करावा. अळी दिसताच त्याच दिवशी ससा पशुवैद्याकडे न्यावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट घरोघर समजावून सांगावी.