टोळी निघण्याआधी पोरांची पुस्तकं मोबाइलमध्ये भरून द्या

बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्यांच्याकडे चालणारा मोबाइल आणि एक मोकळी संध्याकाळ आहे, त्या सर्वांना ही कळकळीची विनंती आहे.

दसरा झाला की घाटावरच्या सिंदखेडराजा, लोणार, देऊळगावराजा भागातून ऊसतोडीला माणसं निघतात. घाटाखाली जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुड्यालगतच्या वस्त्यांतूनही कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबायची सोय नसते. घरी सांभाळायला आजी असली तर पोरं गावात राहतात. नसली तर तीही फडावर किंवा वीटभट्टीवर जातात आणि पुढचे काही महिने त्यांची शाळा म्हणजे आईबाप आणि थोरली बहीण. शहरातली काही कुटुंबं विचारपूर्वक मुलांना घरी शिकवतात. आपल्याकडे ती वेळ नाइलाजानं येते. पण पोराची गरज दोन्हीकडे एकच आहे. त्याला वाचायला काहीतरी हवं आणि विचारपूस करणारं कुणीतरी हवं.

एक गोष्ट आधी सांगतो. घरचा अभ्यास हा शाळेऐवजी नाही. गाव सोडण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून मुलाचं शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवलं की जिथे मुक्काम असेल तिथल्या शाळेत मुलाला बसवता येतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना याच कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनं घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला आहे. ज्याची शाळा मागेच सुटली, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं. त्याची मुदत दरवर्षी मंडळ जाहीर करतं. ती चुकवू नका.

आता मुख्य मुद्दा. फुकट आणि चांगलं साहित्य मराठीत भरपूर आहे. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत मिळतात. पुस्तकातल्या धड्याजवळ जो चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो, तो दीक्षा अ‍ॅपनं स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात. ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी वापरून दाखवली आणि मग ती राज्यभराच्या पुस्तकांत आली. एका खेड्यातल्या शाळेनं हे दाखवलं, म्हणून आपल्याही गावाकडून अपेक्षा ठेवायला मला संकोच वाटत नाही.

पाठ्यपुस्तकापलीकडचं तर मला जास्त मोलाचं वाटतं. ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं मोफत खुले केले आहेत. त्यातली गोष्ट एकदा आवडली की पोरगं स्वतःहून दुसरी शोधतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर चित्रांची छोटी मराठी पुस्तकं आहेत, नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या मुलासाठी तिथून सुरुवात करावी. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची ते दाखवलं आहे, मराठी पुस्तकंही आहेत. काडेपेटी, सायकलची जुनी ट्यूब, रिकामी बाटली फडावरही सापडते. लोणारच्या पोराला आपलं सरोवर कसं झालं हे विचारावंसं वाटलं, तर मराठी विश्वकोशाचे 20 खंड इंटरनेटवर कुणालाही खुले आहेत.

मग अडतं कुठे? फडावर रेंज मिळेलच असं नाही, कोपीत चार्जिंगची सोय नसते आणि एकुलता मोबाइल बाप घेऊन जातो. म्हणून हे सगळं गाव सोडण्याआधी उतरवून घ्यावं लागतं. पीडीएफ एकदा साठवली की नेट लागत नाही. दीक्षावरचे धडेही आधी उतरवून ठेवता येतात. एका इयत्तेची सगळी पुस्तकं आणि ‘किशोर’चे काही अंक साध्या मेमरी कार्डात बसतात. मुक्कामावर पोचल्यावर हे करता येणार नाही, म्हणून घाई आहे.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्या गल्लीतलं एक निघणारं कुटुंब गाठा आणि त्यांच्या पोराच्या इयत्तेची पुस्तकं त्यांच्या मोबाइलमध्ये भरून द्या. सेवा केंद्र आणि संगणक केंद्र चालवणाऱ्यांनी संध्याकाळी तासभर वायफाय खुलं ठेवावं. झेरॉक्सवाल्यांनी भाषा आणि गणित या दोन विषयांची पानं तरी कागदाच्या खर्चात काढून द्यावीत, कारण मोबाइल बंद पडला तरी कागद चालतो. घरात पडून असलेला जुना फोन चालत असेल तर कार्डासकट देऊन टाका. गावच्या वाचनालयांनी हे काम आपलं मानावं.

जळगाव जामोदकडच्या कोरकू आणि निहाली बोलणाऱ्या घरांत नुसतं मराठी पुस्तक पोचवून भागणार नाही. तिथे त्यांचीच भाषा येणाऱ्या, शिकलेल्या मुलानं शेजारी बसून पहिली काही पानं समजावून द्यायला हवीत.

आईबापांना एक सांगणं आहे. तुम्हाला वाचता येत नसलं तरी रात्री भाकरी खाताना ‘आज काय वाचलंस, मला सांग’ एवढं विचारा. सांगायचं आहे म्हणून पोरगं वाचतं. आणि सावध राहा. मी सांगितलेल्या एकाही ठिकाणी हे साहित्य वाचायला पैसे पडत नाहीत. मोफत म्हणून सुरू करून मग हप्ता मागणाऱ्या, ओटीपी विचारणाऱ्या अ‍ॅपला तिथेच नकार द्या.

काही गाड्या गावात येऊन उभ्या राहिल्याही असतील. आज संध्याकाळी आपल्या गावातून कोण निघणार आहे ते विचारा आणि त्यांच्या घरी जा.