प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर सही झाली, गावातल्या कामाचं काय?

मागच्या खरिपात सोयाबीनची ई-पीक पाहणी करायला गटात उभा राहिलो. फोटोपर्यंत गेलं की ॲप पुढं सरकेना. तलाठी भाऊसाहेबांना फोन लावला. "मलाही तेवढंच दाखवलंय, पुढचं तुम्हीच बघा," असं उत्तर आलं. राग आला. पण नंतर सज्जात बसून बोललो तेव्हा खरी गोष्ट कळली. त्यांचं प्रशिक्षण अर्ध्या दिवसात उरकलं होतं. पडद्यावर चित्रं दाखवली, हजेरीपटावर सह्या झाल्या, चहा झाला. कुणी शंका विचारायच्या आत दुसरी मीटिंग सुरू.

सरकारी माणसाला कामाची कळकळच नाही, असं आपण पारावर सहज बोलतो. काहींच्या बाबतीत ते खरंही आहे. पण ज्याला काम नीट शिकवलंच नाही, त्याला कळकळ येणार कुठून?

ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठी पीक पेरा लिहायचे, आता शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर नोंद करायची. म्हणजे तलाठ्याचं काम लिहिण्याचं कमी झालं आणि शिकवण्याचं वाढलं. या नोंदीला किती किंमत आहे, ते सोयाबीन-कापसाच्या मदतीच्या वेळी दिसलं. 2023 च्या खरिपासाठी हेक्टरी 5 हजार रुपये, 2 हेक्टरपर्यंत, आणि आधार ई-पीक पाहणीच्या नोंदीचा. नोंद नसलेले शेतकरी यादीबाहेर राहिले. ओरड झाल्यावर सातबाऱ्यावर नोंद असणाऱ्यांनाही घ्यावं लागलं.

अशा वेळी लोक आधी सज्जावरच जातात. ज्याला उत्तर माहीत आहे तो माणूस चार लोकांत बसतो, दोघांचे मोबाईल हातात घेऊन नोंद करून देतो. गाव त्याला मान देतं आणि त्या मानानं तो कामाला बांधला जातो. ज्याला माहीत नाही तो फोन उचलत नाही, "तहसीलला जा" म्हणतो. चुकलं तर नोटीस आपल्यालाच, ही भीतीही असते. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, पण आळस वेगळा आणि अडाणीपणाची लाज वेगळी.

अंगणवाडी सेविकांचं उदाहरण घ्या. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. मोबाईल निकृष्ट, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. वर्षानुवर्षं लेकरांची वजनं घेणाऱ्या, आहार पोचवणाऱ्या या बाया कामचुकार नव्हत्या. हातात दिलेलं साधनच त्यांच्या भाषेतलं नव्हतं. मे 2025 मध्ये कृषी सहायकांनी आंदोलन केलं, त्यांच्याही मागण्यांत लॅपटॉप होता. साधन नसेल तर शिकवलेलं हवेत जातं.

कागदावर कमी काही नाही. केंद्राचं 2012 चं राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण सांगतं, की प्रत्येक खात्यानं पगाराच्या तरतुदीच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणावर ठेवावी. पुण्यात यशदा आहे, शेती खात्यासाठी नागपूरला वनामती आहे. 2020 मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीतून आता मोबाईलवरही अभ्यासक्रम करता येतात. अडचण मोजमापात आहे. किती जण बसले, किती प्रमाणपत्रं निघाली हे मोजलं जातं. त्यानंतर गावातलं काम किती सुधारलं, हे कुणी विचारत नाही.

अर्थात नुसत्या प्रशिक्षणानं सगळं सुधारेल असंही नाही. एका माणसाकडं दोन-तीन सज्जांचा भार असेल तर तो कुठं कुठं पुरणार? तीन वर्षांत माणूस शिवार ओळखू लागतो आणि बदली होते, नवा आला की पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळं येत असूनही गावात न फिरकणारे आहेतच. त्यांना प्रशिक्षण नको, जाब विचारणारा साहेब हवा.

पण जो करू इच्छितो त्याच्यासाठी उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रशिक्षण पेरणीच्या आधी घ्या, आणि सभागृहात नको, एखाद्या गटात उभं राहून घ्या. जिथं रेंज येत नाही तिथं काय करायचं, हे तिथंच कळेल. महिन्याभरानं पुन्हा बोलवा, कारण खऱ्या अडचणी तेव्हाच समजतात. प्रत्येक मंडळात अडलेल्याचा फोन उचलणारा एक जाणकार नेमा. बदलून जाणाऱ्यानं नव्या माणसाला आठ दिवस सोबत घेऊन फिरवावं.

आपलंही एक काम आहे. पुढच्या ग्रामसभेत तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायकांना विचारा, "साहेब, या हंगामाचं प्रशिक्षण झालं का? काय शिकवलं?" भांडायला नाही, समजून घ्यायला विचारा. झालं नसेल तर तसा ठराव करून तालुक्याला पाठवा. त्यांना न शिकवल्याचं नुकसान शेवटी आपल्याच सातबाऱ्यावर येतं.