दहा मिनिटांची वही

निबंधाच्या तासास फळ्यावर विषय लिहिला जातांच वर्गांत जी शांतता पसरते, ती विचारमग्नतेची असते असें आम्हांस वाटत नाहीं. ती बहुधा भीतीची असते. पहिलेंच वाक्य चुकलें तर काय, या धास्तीनें लेखणी थबकते आणि मार्गदर्शक पुस्तकांतून पाठ केलेला परिच्छेद मदतीस धांवून येतो. 'मी नदी बोलत आहें' या विषयावरील चाळीस वह्या तपासाव्या, तों चाळीसहि नद्या एकाच डोंगरांत उगम पावून एकाच शब्दांत आपलें दुःख सांगतात! कृष्णामाई कुपवाडापासून फार दूर नाहीं. २०१९ सालीं तिचें पाणी सांगलींतील घराघरांत शिरलें. पण वहींतल्या नदीस त्याची वार्ताहि नसते.

यावर एक उपाय आम्ही सुचवूं इच्छितों. रोज दहा मिनिटें, निराळ्या वहींत, मनांत येईल तें न थांबतां लिहावें. मागें वळून वाचूं नये, खोडूं नये, ऱ्हस्वदीर्घासाठीं अडूं नये. कांहींच सुचलें नाहीं तर 'कांहीं सुचत नाहीं' हेंच पुनःपुन्हां लिहावें. हात मात्र चालूं ठेवावा. ही युक्ति आमची नव्हे. पीटर एल्बो या अमेरिकन अध्यापकांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ती मांडली. स्वतः एल्बो यांस लिहितां येईना म्हणून उच्च शिक्षण एकदां अर्धवट सोडावें लागलें होतें. शब्द काढणारें मन व शब्द तपासणारें मन यांस एकाच क्षणीं कामास जुंपूं नये, हें त्यांच्या म्हणण्याचें मर्म.

पण त्यासाठीं अमेरिकेपर्यंत जावयास नको. लक्ष्मीबाई टिळकांस बालपणीं शाळा मिळाली नाहीं. विवाहानंतर रेव्हरंड टिळकांनीं त्यांस वाचावयास शिकविलें. १९३४ सालापासून त्यांचीं 'स्मृतिचित्रें' पुस्तकरूपानें निघूं लागलीं. बाईंनीं घड्याळ लावून लिहिलें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु सोंवळ्याचें वेड घेतलेले वडील, पतीनें १८९५ सालीं घेतलेली ख्रिस्तदीक्षा, त्यानंतरचे ताटातुटीचे दिवस, हें सारें त्यांनीं ग्रंथांतली भारदस्त भाषा उसनी न आणतां घरांत बोलतात तसें सांगितलें. आधीं व्याकरणास विचारून त्या लिहूं लागल्या असत्या, तर मराठीस तें पुस्तक मिळालें असतें कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

या वहीनें शुद्धलेखन बिघडेल, हा आक्षेप आम्हांस वजनदार वाटत नाहीं. निबंधाची वही आहेच. तेथें लाल शाई खुशाल चालावी. दुसरा प्रश्न मात्र कठीण आहे. ही वही वाचावयाची कोणीं? आमचें उत्तर, कोणींहि नाहीं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्यांनीं राबणाऱ्या आईबापांचीं मुलें वर्गांत असतात. कोणाच्या घरीं कानडी, कोणाच्या घरीं हिंदी. एका खोलींत वाढणाऱ्या मुलास स्वतःचा असा कोनाडाहि नसतो. शिक्षक वाचणार असें कळलें कीं तें पुन्हां पाठ केलेली नदीच लिहील, आणि घरचा कानडी शब्द तर मुळींच लिहिणार नाहीं.

कोणी म्हणेल, एखाद्या मुलानें त्या पानांत आपलें संकट लिहून ठेविलें, तर तें कळावें कसें? या प्रश्नापुढें आम्हांसहि थांबावें लागतें. मुलानें आपण होऊन पान दाखविलें, तर शिक्षकांनीं हातांतलें काम बाजूस ठेवून तें वाचावें व मुलाशीं बोलावें. चोरून मात्र वाचूं नये. एकदां विश्वास गेला कीं पुढचें पान कोरेंच राहील, आणि मग संकटहि कळावयाचें नाहीं.

येत्या जूनपासून निदान एका इयत्तेंत, प्रार्थनेनंतरचीं दहा मिनिटें यासाठीं मिळावींत. वह्या वर्गांतील कपाटांत राहाव्या व किल्ली वर्गप्रमुखाकडे असावी. त्या वेळीं शिक्षकांनींहि हजेरीपट मिटून आपली वही उघडावी.