गुप्तदान आणि बंद दार

या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, ही आपल्याकडे दानाची परिसीमा मानली जाते. गुप्तदानात दात्याचा अहंकार गळून पडतो, म्हणून ते श्रेष्ठ, अशी त्यामागची धारणा. या धारणेविषयी शंका घेण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. एका हलक्याफुलक्या फ्रेंच प्रेमकथेने मात्र ते हसतहसत केले आहे. झाँ-पिएर जने यांनी दिग्दर्शित केलेला आणि २००१ साली प्रदर्शित झालेला ‘आमेली’ हा तो चित्रपट. मन प्रसन्न करणारा, रंगीबेरंगी चित्रपट अशी त्याची ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. परंतु त्याच्या गोडव्याखाली परोपकाराविषयीचा जो गंभीर विचार आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पॅरिसच्या माँमार्त्र भागातील एका कॅफेत काम करणारी आमेली ही एकलकोंडी तरुणी. ऑगस्ट १९९७च्या अखेरीस राजकन्या डायनाच्या मृत्यूची बातमी टेलिव्हिजनवर ऐकताना तिच्या हातून अत्तराच्या बाटलीचे बूच निसटते, घरंगळत जाऊन भिंतीवर आदळते, आणि सैल झालेल्या फरशीमागे एक पत्र्याची डबी सापडते. चाळीस वर्षांपूर्वी कोणा मुलाने तीत आपली खेळणी लपविलेली असतात. आमेली त्या मुलाचा, म्हणजे आता वयस्क झालेल्या गृहस्थाचा, शोध घेते. टेलिफोन बूथमध्ये डबी ठेवून, तो जवळून जात असतानाच ती तेथील घंटा वाजविते. हरवलेले बालपण हाती आलेला तो गृहस्थ दुरावलेल्या लेकीला भेटण्याचा निश्चय करतो. आमेली त्याच्या शेजारीच असते. पण डबी आपण ठेवली, हे सांगत नाही.

या उपकाराला पैसा लागला नाही. लागले ते लक्ष. एका अंधाला रस्ता ओलांडून देताना ती भोवतालची दुकाने, माणसे, त्यांचे हावभाव भराभर वर्णन करून सांगते. त्या अंधाला काही क्षण सारा रस्ता दिसतो. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाकडे किंवा कचेरीच्या खिडकीपलीकडे ताटकळणाऱ्या माणसाकडे मान वर करून पाहणे, हेही त्याच जातीचे दान आहे. ते न देण्यास गरिबीची सबब चालत नाही.

परंतु अदृश्य राहणाऱ्या दात्याच्या हाती एक सत्ताही येते, आणि तिचा जाब विचारणारा कोणी नसतो. भाजीविक्रेता कोलिन्याँ आपल्या अपंग नोकराला सतत हिणवितो, म्हणून आमेली चोरून त्याच्या घरात शिरते, वस्तूंची अदलाबदल करते आणि त्याला स्वतःच्या बुद्धीविषयी साशंक करून सोडते. आपण हसतो, पण फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा एकच झाला, हे त्या हसण्यात विसरतो. याहून अवघड प्रसंग इमारतीच्या पहारेकरीण बाईंचा. त्यांचा नवरा परस्त्रीबरोबर निघून गेला आणि पुढे मरण पावला. आमेली त्याच्या जुन्या पत्रांतील वाक्ये जुळवून एक प्रेमपत्र बनविते आणि ते माँ ब्लाँ पर्वतावर सापडलेल्या जुन्या टपालातून आल्याचे भासविते. ही कल्पना अगदीच अघटित नव्हे. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर कोसळलेल्या एअर इंडियाच्या ज्या विमानात डॉ. होमी भाभा यांचा अंत झाला, त्यातील आपल्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली २०१२ साली तेथील बर्फात खरोखरच सापडली. टपाल उशिरा पोहोचू शकते. पण गेलेल्या माणसाचे मन त्याने बदलत नाही. त्या बाईंना लाभलेले समाधान खरे. त्याचा पाया मात्र असत्याचा. दया करणाऱ्याला दुसऱ्याचे सत्य परस्पर बदलण्याचा अधिकार मिळतो काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, नाही.

समीक्षक सर्ज कागान्स्की यांनी ‘लिबेरासिआँ’ या दैनिकात २००१ सालीच या चित्रपटावर कठोर टीका केली. यातील पॅरिस धुऊनपुसून घेतलेले आहे, तेथे राहणाऱ्या परदेशी वंशाच्या लोकांना त्यात जागा नाही, असा तिचा रोख होता. मोरोक्कन वंशाचा जामेल देबूझ यात नोकराच्या भूमिकेत आहे, पण त्या पात्राचे नाव ल्युसियाँ हे अस्सल फ्रेंच आहे. तेव्हा आक्षेपात तथ्य आहेच. तरीही दिग्दर्शक आपल्या नायिकेला निर्दोष ठरवीत नाही, हे नाकारता येणार नाही.

किंबहुना तिचा दोष हाच कथेचा गाभा आहे. लहानपणी डॉक्टर असलेले वडील तिला जवळ घेत, ते केवळ तपासणीपुरते. त्या दुर्मीळ स्पर्शाने तिची छाती धडधडे आणि वडिलांनी निदान केले हृदयविकाराचे! शाळा बंद झाली, सवंगडी दुरावले. अशी मुलगी दुसऱ्यांवर दुरूनच प्रेम करणार. निनो या तरुणावर तिचे मन जडते, तेव्हाही ती त्याला खुणा करते, कोडी घालते. समोर मात्र येत नाही. तिचे हे गुपित ओळखतो तो शेजारचा वृद्ध द्युफायेल. हाडे काचेसारखी ठिसूळ, म्हणून तो घरातच कोंडलेला; वर्षानुवर्षे रन्वारच्या १८८१ सालच्या नौकाविहारातील भोजनाच्या चित्राची नक्कल करीत बसलेला. आयुष्याचे धक्के सोसण्याइतकी तू मजबूत आहेस, असे तो तिला बजावतो. आणि आमेली दार उघडते.

अनोळखी माणसाला आनंद देताना नकाराचे भय नसते. प्रेमात ते असते, कारण तेथे देणाऱ्याला मागावेही लागते. गुप्तदानात अहंकार गळतो हे खरे. पण कधी कधी त्यात भीतीही लपते. नाव न सांगता उपकार करणारा थोर असेलच, परंतु दुसऱ्याच्या दयेची आपल्यालाही गरज आहे, हे कबूल करून जो आपले दार उघडतो, त्याचे धैर्य अधिक मोठे.