नाते लिहावे कसे?



घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली नावे वहीत उतरवून आपली वंशावळ सिद्ध करावी, ही इच्छा स्तुत्य आहे. मात्र अशा वह्यांत एक उणीव वारंवार आढळते. नावे पुष्कळ असतात, तारखाही असतात; पण कोण कोणाचे कोण, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. ‘मोठे काका’, ‘नाशिकची मावशी’, ‘आपला मेहुणा’ एवढी ओळख घरात पुरते, कारण बोलणारा समोर असतो आणि शंका आल्यास त्याला विचारता येते. वहीला काही विचारता येत नाही. म्हणून नाते असे लिहावे की शंभर वर्षांनी ती वही उघडणाऱ्या परक्यालाही ते कळावे.

आपली मराठी भाषा नात्यांच्या बाबतीत मोठी संपन्न आहे. चुलत, आते, मामे आणि मावस ही चार नाती ती चार शब्दांनी सांगते. हल्ली मुलांच्या तोंडी बसलेला ‘कझिन’ हा शब्द ती चारही एकाच गाठोड्यात बांधतो. तरीही आपल्या भाषेतसुद्धा संदिग्ध जागा आहेत. बायकोचा भाऊ मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणाच. पुरुषाच्या दृष्टीने भावाचा मुलगा पुतण्या व बहिणीचा मुलगा भाचा. पण स्त्री आपल्या भावाच्या मुलालाही भाचाच म्हणते. तेव्हा नुसते ‘भाचा’ लिहिल्याने तो कोणाचा, हे ठरत नाही. ‘आजोबा’ म्हटले तर वडिलांचे वडील की आईचे वडील, तेही उमगत नाही.

आम्हां सुरतेतील मराठी माणसांची अडचण आणखी निराळी. उधना, लिंबायत या भागांत खानदेशाकडून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांची मुले शेजाऱ्यांची गुजराती सहज बोलतात. आता मराठीत ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ, तर गुजरातीत ‘दादा’ म्हणजे वडिलांचे वडील. मराठी ‘बा’ हा बाप. गुजराती ‘बा’ ही आई. आजोबांनी वहीत ‘दादा वारले’ असे लिहिले, तर गुजराती शाळेत शिकलेला नातू भावाच्या जागी आजोबांच्या आजोबांना बसवील. एका शब्दाने नाते दोन पिढ्या वर सरकेल आणि पुढचा सारा हिशेब चुकेल.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. विवाहाची बोलणी सुरू होतात तेव्हा वधूवरांचा रक्तसंबंध पाहावा लागतो. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाची मुलगी करणे रीतीला धरून मानतात, पण चुलत बहीण वर्ज्य समजतात. ख्रिस्तसभेच्या कायद्यात असा भेद नाही. चुलत, आते, मामे व मावस भावंडे तेथे एकाच पायरीवर येतात आणि विशेष परवानगीवाचून त्यांचा विवाह होऊ शकत नाही.

या पायऱ्या मोजण्याची रीत मात्र बदलली आहे, हे जुनी कागदपत्रे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. समजा, जुझे आणि मारिया ही सख्खी भावंडे. जुझेचा मुलगा अंतोन आणि मारियाची मुलगी रोजा ही मामे-आते भावंडे झाली. १९१८ साली अमलात आलेल्या कायद्यात समाईक पूर्वजापासून एकाच बाजूच्या पिढ्या मोजत. म्हणून अंतोन व रोजा यांचे नाते दुसऱ्या पायरीचे. १९८३ साली अमलात आलेल्या आजच्या कायद्यात दोन्ही बाजूंच्या पिढ्या मोजतात. म्हणून तेच नाते चौथ्या पायरीचे. आज दुसरी पायरी म्हणजे सख्खी भावंडे, आणि त्यांच्या विवाहाला परवानगी कधीच मिळत नाही! तेव्हा १९४० च्या नोंदीत ‘दुसरी पायरी, परवानगी दिली’ असे वाचून कोणी आजच्या मापाने अर्थ लावील, तर पूर्वजांवर नसता कलंक येईल. नाते तेच राहिले, आकडा बदलला. यास्तव वंशावळीत आकडा न लिहिता माणसे लिहावीत : ‘रोजाची आई मारिया ही अंतोनचे वडील जुझे यांची सख्खी बहीण.’ हे वाक्य कोणत्याही कायद्याखाली खरेच राहील.

वारसाहक्काचेही तसेच आहे. भारतातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांना लागू होणारा १९२५ चा भारतीय वारसा कायदा दोन्ही बाजूंच्या पायऱ्या मोजतो, आणि वडिलांकडचे व आईकडचे, सख्खे व सावत्र रक्तसंबंधी यांत भेद करीत नाही. गुजरातेत वहीवंचा बारोट पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वंशावळी लिहीत आले आहेत. अशा जुन्या वंशावळींत बहुधा मुलग्यांची रेषा ठळक असते. सून कोणाची मुलगी आणि लेक कोठे दिली, हे हरवून जाते. आपल्या वहीत तसे होऊ देऊ नये. प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव लिहावे.

लिहिण्याची एक सोपी रीत येथे देतो. खेरोनिमो दे सोसा या स्पॅनिश फ्रान्सिस्कन संन्याशाने ती १६७६ मध्ये वापरली होती. स्वतःला १ हा आकडा द्यावा, वडिलांना २, आईला ३. कोणाचाही आकडा दुप्पट केला की त्याच्या वडिलांचा आकडा मिळतो. त्यात एक मिळवला की आईचा. त्यामुळे वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६ आणि आईची आई ७. आडवी नाती यांवरूनच सांगावीत. आत्या म्हणजे ‘४ व ५ यांची मुलगी’. मामा म्हणजे ‘६ व ७ यांचा मुलगा’. मग मराठी वाचो की गुजराती, घोटाळा होणार नाही. दत्तक व सावत्र हे शब्द संकोचाने गाळू नयेत. धर्ममातापित्यांची नावे अवश्य लिहावीत, पण रक्ताच्या नात्यांपासून वेगळी. बाल्यावस्थेत वारलेल्या लेकरांनाही त्यांची जागा द्यावी. आणि कोणती गोष्ट बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून घेतली, कोणती आजीने सांगितली, हे शेजारी नमूद करावे.

नोव्हेंबर महिन्यात मृतांसाठी प्रार्थनेच्या चिठ्ठ्या येतात. कित्येकींवर केवळ ‘आजी’ किंवा ‘दादा’ एवढेच असते. परमेश्वर त्यांना ओळखतो, यात संशय नाही. परंतु तुमच्या पणतवंडांनाही त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करता यावी, अशी इच्छा असेल, तर येत्या रविवारी रोझरी आटोपल्यावर घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसा. ‘ही कोण?’ एवढे विचारून थांबू नका. ‘ही कोणाची मुलगी?’ असे विचारा.