गॅसचा पाइप ट्रॉलीआड जाण्यापूर्वी

नाशिक जिल्ह्यात पाइपने गॅस पुरवण्याची परवानगी ‘महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड’ला २०१८ च्या बोलीफेरीत मिळाली. इंदिरानगरसारख्या वस्तीत सिलिंडर जाऊन भिंतीवर पाइप येतो, तेव्हा चर्चा होते ती बिलाची. जोडांकडे कुणी पाहत नाही.

पाइप गळायचा तर बहुधा जोडावर. जीआय पाइपला आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो, जाडीही तिथेच कमी होते. त्यामुळे सिंकजवळच्या ओलीत गंज आधी उघड्या आट्यांना धरतो. घट्ट आवळलेला एल्बो दिशा जुळवण्यासाठी जरासा उलटा फिरवला, तर टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, जोडाचा भरवसा उरत नाही.

साबणाचा फेस गळती दाखवतो, पण जिथे ब्रश पोचतो तिथेच. अख्ख्या लाइनची खात्री दाबचाचणीने होते. लाइनमध्ये हवा भरायची, कॉक बंद करायचा आणि ठरलेल्या वेळेत दाब उतरतो का ते पाहायचे. घरच्यांनी सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा स्वतः पाहावा, मगच कागदावर सही करावी. घाईतला कारागीर कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

खरी गोम पुढेच आहे. दोन वर्षांनी स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसतात. सुतार पाइपला धक्का देतो, क्लॅम्प काढतो, जोड फळीमागे झाकून टाकतो. सोसायट्या अशा कामाला परवानगी देताना राडारोडा आणि ड्रिलच्या वेळा विचारतात. त्याच अर्जात ‘काम संपल्यावर गॅस लाइन पुन्हा तपासून घेतली’ अशी एक ओळ सक्तीची करायला काय हरकत आहे? पाइप झाकायचाच असेल, तर फळी काढता येईल अशी हवी.

मधल्या काळात मीटर कामी येतो. मीटरपुढचे कॉक उघडे ठेवून शेगडीची सगळी बटणे बंद करावीत आणि अर्धा तास शेवटचा आकडा पाहावा. तो हलला, तर कॉक बंद करून कंपनीला बोलवावे. अगदी बारीक गळती मात्र यात सुटू शकते, म्हणून हा दाबचाचणीला पर्याय नव्हे. आणि काडी पेटवून गळती शोधणे हा तर निव्वळ वेडेपणा.

आणखी एक जुनी सवय बदलावी लागेल. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपमधला हलका, तो छताकडे जातो. त्यामुळे फॉल्स सीलिंग करताना वरची जाळी बुजवू नये.